२२ महिने, ३४,००० किलोमीटर आणि ऑइल फिल्टरची रबरी रिंग

दिवाळीच्या आधी, कापूस वेचणी ऐन भरात असताना, आई सकाळी अंगणात सडा टाकायला निघाली आणि तिनं मला हाक मारली. गाडी उभी होती तिथं सारवणावर ताटलीएवढा काळा डाग पडला होता. बोट लावून पाहिलं, ऑइल. ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढली तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली. ३०,००० किलोमीटरची सर्व्हिसिंग होऊन जेमतेम १२ दिवस झाले होते.

ही गाडी घेऊन आता २२ महिने झाले, ३४,००० किलोमीटर चालली. तिच्या मायलेजवर, जागेवर, एसीवर लोकांचं भरपूर लिहून झालं आहे आणि त्यात माझी काही तक्रार नाही. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची डिझेल गाडी आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातला शेतकरी. रोज पांदण रस्त्यानं शेत, आठवड्यातून एकदा हिंगणघाट, महिन्यातून एकदा नागपूर, एवढा वापर. मेच्या उन्हातही गाडीनं कधी दगा दिला नाही. मला बोलायचं आहे ते इंजिनाचं ऑइल गाळणाऱ्या ऑइल फिल्टरवर, कारण त्याच्यावर कोणी बोलत नाही आणि माझं इंजिन त्याच्यापायीच जाणार होतं.

आधी १४ वर्षं माझ्याकडे डिझेल जीप होती. तिचा फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा. खालून फिरवून काढायचा, निघाला नाही तर डब्यात स्क्रूड्रायव्हर ठोकून फिरवायचा. नव्याच्या रबराला बोटानं ऑइल लावायचं, टेकेपर्यंत हातानं आवळायचा आणि वर पाऊण आटा. वेगळी रिंग नाही, टोपण नाही. रबर डब्यालाच चिकटून आलेलं, म्हणजे डबा बदलला की रबर आपोआप नवं. विसरायला जागाच नाही.

नव्या गाडीत डबा नाही. इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं टोपण आहे, त्याच्या आत नुसती घड्या घातलेली कागदी गुंडाळी. पहिल्या सर्व्हिसिंगला ते पाहिलं तेव्हाच मनात आलं, की कंपनीनं पत्रा वाचवला आणि पैसे तेवढेच घेतले. गावातल्या मिस्त्रीला बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, यात नवीन काहीच नाही, जुन्या ट्रॅक्टरांत वाटीत बसवायचा कागदी फिल्टरच असायचा. खरंच आहे. गाड्यांचा ऑइल फिल्टर १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड यांनी आणला. ‘प्युअर ऑइल लेटर’वरून त्याचं नाव प्युरोलेटर पडलं. पत्र्याचा फिरकी डबा १९५४ चा, विक्स कंपनीचा. म्हणजे मधली काही दशकं डब्याची आणि आता फिल्टर परत टोपणाखाली आला. कारण कचऱ्याचं आहे. वापरलेल्या डब्यात पत्रा, रबर, कागद आणि उरलेलं ऑइल सगळं एकत्र अडकतं, ते वेगळं करणं जिकिरीचं. गुंडाळी निथळवून जाळता येते. कागदही बदलला. बऱ्याच फिल्टरांत आता कृत्रिम धाग्याचा थर असतो, म्हणून १०,००० किलोमीटरपर्यंत तो तग धरतो. जीपचा मी ५,००० ला बदलायचो.

हे सगळं ठीक. पण डब्यासोबत फुकट येणारं रबर आता सुटं झालं, आणि ते माणसाच्या हातानं, योग्य खाचेत बसवायचं काम झालं. माझं सगळं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे.

त्या दिवशी सर्व्हिस सेंटरला फोन केला. तिकडून उत्तर आलं, ‘पांदणीत दगड लागला असेल, खाली ऑइलचं चेंबर फुटलं असेल, टो करून आणा.’ मी म्हटलं, चेंबर फुटलं असतं तर ऑइल एका रात्रीत गेलं असतं. मिस्त्रीला बोलावलं. हात लावायच्या आधी सगळीकडून फोटो काढून ठेवले. त्यानं इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर सोडलं तर त्यात अर्धा-पाऊण लिटर ऑइल साचलेलं. १२ दिवस ऑइल त्याच कव्हरात जमत होतं, म्हणून जमिनीवर थेंब दिसला नाही. आणि वर टोपणाच्या कडेनं इंजिनावर ओला ओघळ, त्यावर पांदणीचा फुफाटा बसून काळा चिखल झालेला. खालचं चेंबर कोरडं ठणठणीत.

मिस्त्रीनं २७ चा सॉकेट लावला, टोपण काही निघेना. शेवटी लांब दांडी लावली तेव्हा कडकड आवाज करत सुटलं. ‘भाऊ, काऊन आवळलं असंन एवढं? यावर लिहून हाये ना,’ म्हणाला. टोपणावर उठावाच्या अक्षरांत लिहिलंच आहे, २५ एनएम, म्हणजे न्यूटन-मीटर, किती जोरानं आवळायचं त्याचं माप. पान्यावर हाताचा साधा जोर, त्याहून जास्त नाही. टोपणाच्या काठाला केसाएवढी चीर गेली होती. मग त्यानं खाचेतली रिंग नखानं उचलून माझ्या तळहातावर ठेवली. नवी रिंग गोल, मऊ, दाबली की परत उठते. ही एका बाजूनं चपटी झालेली, वाकवली की त्यावर बारीक भेगा दिसत होत्या. जुनीच रिंग! गाडी चालताना त्या टोपणाखाली ऑइल पंपाच्या दाबाचं असतं, काही बार दाब, म्हणजे बाहेरच्या हवेच्या काही पट. मेलेली रिंग तो दाब अडवणार कशी? नुसतं गळून गेलं नाही, दाबानं बाहेर ढकललं गेलं.

आणि नवी रिंग फिल्टरच्याच खोक्यात येते. तिचे वेगळे पैसे नाहीत. माझ्या बिलात फिल्टरचे ५४० रुपये लावलेले आहेत, म्हणजे रिंगचेही मी भरले. ती गेली कुठं?

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं, की डबा फिल्टरच बरा. पण मिस्त्रीनं पुढं जे केलं त्यानं ते अर्धं बदललं. मला इंजिनाची धास्ती होती. ऑइल कमी असताना मी हिंगणघाटला जाऊन आलो होतो. त्यानं गुंडाळी कागदावर ठेवली आणि घड्या एक-एक उलगडून उन्हात धरल्या. काळी काजळी, पॅकिंगच्या मसाल्याचे दोन बारीक तुकडे, बस. धातूची एकही चमक नाही. बेअरिंग खाल्लं गेलं असतं तर चमकीसारखे कण दिसले असते. पत्र्याचा डबा असता तर तो कापावा लागला असता आणि कापताना पडलेला कीस आत मिसळला असता. इथं पाच मिनिटांत इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते डोळ्यांनी दिसलं. तेव्हा मला फार हायसं वाटलं. १४ वर्षांत जीपच्या एकाही फिल्टरच्या आत मी डोकावलो नव्हतो.

ऑइल काळं झालं म्हणजे फिल्टर बाद, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात, तेही चूक आहे. डिझेलची काजळी इतकी बारीक असते की फिल्टरमधून आरपार जाते, ती ऑइलमध्येच तरंगते. फिल्टर अडवतो ते त्याहून जाड कण. आणि पांदणीची धूळ इंजिनात शिरते ती एअर फिल्टरकडून. कापसाच्या हंगामात तो दर महिन्याला उघडून पाहतो.

सर्व्हिस सेंटरला फोटो आणि ती रिंग घेऊन गेलो. दोन तास वाद झाला. ‘बाहेर उघडलं, आता आम्ही जबाबदार नाही,’ इथून सुरुवात. मी चिखल धरलेल्या टोपणाचा न उघडलेला फोटो दाखवला आणि विचारलं, दगड इंजिनाच्या वर कसा लागला? शेवटी टोपण आणि रिंग फुकट बदलून दिली, ऑइलचे पैसे दिले नाहीत. डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, ते तेव्हा साडेसातशे रुपये लिटर पडलं. दीड लिटर माझ्या खिशातून गेलं. त्याचा राग अजून आहे.

तुमच्या गाडीला टोपणाचा फिल्टर असेल तर सर्व्हिसिंगला समोर उभे राहा आणि जुनी रिंग हातात मागा. हातात आली नाही तर टोपण परत उघडायला लावा. सर्व्हिसिंगनंतर आठवडाभर रोज सकाळी डिपस्टिक पाहा, जमिनीकडे पाहून काही कळत नाही. इंजिनातून जळकट वास आला तर गाडीत सेंटची शिशी लावून तो झाकू नका, टोपणापाशी शोधा.

४०,००० ची सर्व्हिसिंग उन्हाळ्यात येईल. तोवर वॉरंटी संपते, म्हणून ती गावातच करणार. मिस्त्रीकडे टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरानंच आवळणारा पाना, नाही. मी आणि तो अर्धे-अर्धे पैसे घालून नागपूरहून आणायचं ठरलं आहे, तूर विकली की.