इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: घरी आल्यावर किती टिकतं?

रोजच्या जगण्यात सजगता मुरवायची असेल, तर इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राचं दहा दिवसांचं शिबिर मोबाईलच्या ॲपपेक्षा आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळांपेक्षा कितीतरी उजवं आहे. सत्यनारायण गोयंकांच्या पद्धतीचं हे केंद्र १९७६ पासून चालू आहे. राहण्याजेवणाचे पैसे घेत नाहीत. दान घेतात, तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. दहा दिवसांचं म्हणत असले तरी रजा बारा दिवसांची टाका: आदल्या दिवशी दुपारी पोचायचं असतं आणि सुटका होते अकराव्या दिवशी सकाळी.

पहाटे चारला घंटा, साडेचारला पहिली बैठक, साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात साधारण दहा तास बसणं होतं. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, फळं, कुरमुरे. त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. फोन, वही, पुस्तक सगळं जमा करावं लागतं. मौन दहाव्या दिवशी सुटतं, पण राहण्या-खाण्याची अडचण धम्मसेवकांना, म्हणजे तिथल्या स्वयंसेवकांना, कधीही सांगता येते आणि साधनेची शंका सहायक आचार्यांना, म्हणजे शिबिर घेणाऱ्या शिक्षकांना, ठरलेल्या वेळी विचारता येते. गुडघेदुखी असेल तर पहिल्याच दिवशी खुर्ची किंवा भिंतीचा आधार मागून घ्या; तीन दिवस सोसून मग मागण्यात काही अर्थ नाही.

पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास बघायचा. लक्ष नाकाच्या मुळापासून वरच्या ओठापर्यंतच्या त्रिकोणात, मग हळूहळू नाकपुड्यांखालच्या छोट्या जागेवर. नवशिक्याचं इथेच चुकतं. तो श्वास खोल करतो, लय लावतो, मनात नाम घेतो. प्राणायाम केलेल्यांना तर हे सोडणं फारच जड जातं. श्वास उजव्या नाकपुडीतून येतोय की डाव्या, आखूड आहे की लांब, एवढंच बघायचं. तो बदलायचा नाही. मन फारच भरकटलं तर दोन-चार श्वास मुद्दाम थोडे जोरात घ्यायला मुभा आहे, मग परत नैसर्गिक श्वासावर. मन सूक्ष्म, म्हणजे बारीकसारीक जाणवण्याइतकं तीक्ष्ण, झालं नाही, तर चौथ्या दिवशी डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघायला सांगतात (हीच विपश्यना) तेव्हा बऱ्याच ठिकाणी काहीच जाणवत नाही. म्हणूनच हे तीन दिवस कंटाळवाणे वाटले तरी नेटाने काढावेत.

चौथ्या दिवसानंतर रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या, म्हणजे निश्चय करून बसायच्या: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. पायाला मुंग्या आल्या, पाठ भरून आली की मन लगेच ‘हे थांबायला हवं’ म्हणतं. दुखणं आणि त्यावरची ही चिडचिड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे अंगाने कळतं, आणि घरी उपयोगी पडतं ते नेमकं हेच. दात-ओठ खाऊन बसणं मात्र उलट फळ देतं. अगदीच असह्य झालं तर सावकाश पाय बदलावा.

घरी आल्यावर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा असं सांगितलं जातं. या शिबिराची कच्ची बाजू इथे आहे. लोकलने दीड तास जाणाऱ्या माणसाला, लहान मूल असलेल्या आईला हे कसं बसवायचं, याचं पायरीपायरीने मार्गदर्शन कमी पडतं, आणि दोन्ही तास जमले नाहीत की लोक सगळंच सोडून देतात. त्यापेक्षा सकाळची बैठक पक्की धरावी: फोन हातात घेण्याआधी, पलंगावर नाही तर जमिनीवर आसन टाकून. संध्याकाळी वीस मिनिटं जमली तरी चालवून घ्यावी. झोपण्यापूर्वी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटं संवेदना बघणं कुणालाही जमतं. काम करताना मात्र लक्ष कामावरच हवं. स्टिअरिंगवर बसून श्वास बघू नये. राग आला की ‘तो असं का बोलला’ हे उगाळण्याऐवजी छातीतली धडधड, कानांची गरमी बघायची. अंगभर बघणं जमत नसेल इतकं मन खवळलं असेल, तर सरळ आनापानावर यायचं.

अर्ज ऑनलाइन भरावा. मानसिक आजार आणि औषधांची माहिती लपवू नये; गंभीर आजार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण इतकं मौन आणि एवढे तास प्रत्येकाला झेपत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीत कपडे वाळतच नाहीत, तेव्हा दोन जोड जास्त आणि छत्री घ्या. डिसेंबर-जानेवारीत जाड शाल. मुंबईहून दुपारपर्यंत इगतपुरीला पोचवणारी गाडी बघा. शिबिर झालं की आपल्या भागातल्या साप्ताहिक सामूहिक साधनेची चौकशी तिथूनच करून निघा. मुंबईकरांना गोराईच्या ग्लोबल विपश्यना पॅगोडातही एक दिवसाची शिबिरं मिळतात. पण ती दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठीच असतात.