लॅपटॉपचं आतलं वायफाय कार्ड बदललं: संक्रांतीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांची सुटका. लॅपटॉपमधलं मूळचं एका अँटेनाचं कार्ड काढून इंटेलचं एएक्स२१० बसवलं. त्यानं घरातली एक दगडी भिंत पार करून दिली, दुसरी नाही. माझे पैसे वसूल झाले. तुमचे होतील का, हे लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. ‘रेंज दुप्पट’ असं लिहून विकणाऱ्याला तर नाहीच नाही.

घर कसं आहे ते सांगितल्याशिवाय यातलं काही कळायचं नाही. आम्ही अंबाजोगाईच्या जुन्या भागात राहतो. रस्त्याला लागून ढाळज, म्हणजे दाराजवळची बैठकीची जागा, मग उघडा चौक, चौकापलीकडं ओसरी, ओसरीच्या आत माजघर आणि सगळ्यात मागं माझी खोली. भिंती अडीच फूट जाडीच्या, दगड आणि पांढऱ्या मातीच्या. वर माळवद. फायबरची वायर ढाळजेत आली, राउटर तिथंच बसला, आणि टीव्हीचा डबाही त्यालाच जोडलेला. राउटर मधे चौकाकडं सरकवू म्हटलं तर मामांचं, म्हणजे सासऱ्यांचं, एकच म्हणणं: “सूनबाई, त्या डबड्याला हात लावू नको, बातम्या बंद पडतात.” विषय संपला.

मी घरून हिशेबाची कामं करते. टॅली, जीएसटी, दोन-तीन दुकानदारांच्या कॉम्प्युटरवर इथूनच जाऊन नोंदी तपासणं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला रिटर्न भरायची धांदल असते, आणि नेमकं तेव्हाच पोर्टलचं ते गोल फिरणारं चक्र बघत बसणं नको वाटतं. जुन्या कार्डावर ओसरीत ठीक चालायचं. माजघरात पाय ठेवला की तुटायला सुरुवात. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी ओसरीत बसून दाखवा. पारा ४२ च्या वर गेलेला असतो, चौकातल्या फरशीची झळ थेट तोंडावर येते, लॅपटॉपचा पंखा कण्हायला लागतो. गारवा असतो तो माजघरात. म्हणजे मला हवी होती ती रेंज नेमकी एका भिंतीची होती.

लॅपटॉप २०१८ सालचा, आठव्या पिढीचा आय५. प्रोसेसर अजून चांगला आहे, रॅम वाढवलेली आहे, एसएसडी घातलेली आहे. रडगाणं फक्त वायफायचं. त्या काळात स्वस्त आणि मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये एकाच अँटेनाचं, आणि वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या लहरींपैकी फक्त २.४ वर चालणारं कार्ड सर्रास टाकत. असं कार्ड २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर फार तर ७२ एमबीपीएसचा जोड दाखवतं, आणि प्रत्यक्षात हातात येतात त्याच्या निम्मे. घरात १०० चा प्लॅन घेऊन वर्षानुवर्षं निम्मासुद्धा न वापरणारे आमच्यासारखे बरेच असतील.

आता अँटेना. सगळी गोम इथंच आहे. कार्ड म्हणजे मेंदू समजा, पण ऐकणारे कान लॅपटॉपच्या झाकणात, स्क्रीनच्या कडेला चिकटवलेले असतात, आणि तिथून बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. नवीन कार्ड दोन अँटेनांचं असतं. दोन्हींवर आलेला सिग्नल ते एकत्र करून वाचतं, आणि नुसत्या त्या जोडणीनं साधारण ३ डेसिबल, म्हणजे दुप्पट शक्तीच्या सिग्नलएवढा फायदा मिळू शकतो. पण लॅपटॉपमध्ये वायरच एक असेल तर? मग महागातलं कार्ड घेऊनही त्याचा अर्धा भाग बहिरा राहतो.

म्हणून कार्ड मागवण्याआधी झाकण उघडलं. काही लॅपटॉपमध्ये दुसरी वायर असते, पण वापरात नसल्यामुळं तिच्या टोकाला टोपण घालून कडेला दडवून ठेवलेली असते. ती सापडली तर नशीब. माझ्यात नव्हती. त्यामुळं कार्डाबरोबरच चिकटवायच्या पातळ पट्टीच्या अँटेनाही मागवल्या. कार्ड दोन हजारांच्या आत आलं, अँटेना अगदी किरकोळ पैशात.

कार्ड कोणतं घ्यायचं यात लोक सगळ्यात जास्त फसतात, तेव्हा हे नीट वाचा. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं. बोर्डावरच्या एम.२ नावाच्या खाचेत बसतात, पीसीआय एक्सप्रेस या जोडणीवर चालतात आणि ब्लूटूथसाठी त्याच खाचेतली यूएसबी वापरतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही दिसायला जुळी भावंडं, बसतातही त्याच खाचेत, पण ती अर्धवट कार्डं आहेत. त्यांचा उरलेला अर्धा भाग इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतो. माझ्यासारख्या आठव्या पिढीच्या सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये किंवा एएमडीच्या प्रोसेसरवर ती चालत नाहीत. आकड्यातल्या शेवटच्या एकावर लक्ष ठेवा. एएक्स२१० ला ६ गिगाहर्ट्झही जमतं, पण माझ्या राउटरला जमत नाही, आणि जमलं असतं तरी दगडी भिंतीपुढं त्याची अवस्था ५ पेक्षा वाईट झाली असती. एएक्स२०० नंही माझं काम भागलं असतं. किमतीत फरक नगण्य होता म्हणून २१० घेतलं, एवढंच.

आणखी एक खबरदारी. काही जुने लॅपटॉप कंपनीच्या यादीत नसलेलं कार्ड चालूच देत नाहीत. जुन्या थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाचा संदेश येऊन मशीन तिथंच अडतं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. आपल्या मॉडेलमध्ये दुसऱ्या कुणी कोणतं कार्ड चालवलंय ते शोधून मगच पैसे भरा. २०१३-१४ च्या आधीचा लॅपटॉप असेल तर खाचच वेगळी, मिनी पीसीआय एक्सप्रेसची, आणि वायरीच्या टोकाचं बटणही आकारानं मोठं. तिथं हे कार्ड सरळ बसत नाही.

कार्ड बदलणं हे तसं एका स्क्रूचं काम. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग वायर उचलायची, स्क्रू काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं. त्रास वायरीच्या टोकाच्या बटणाचा. ते ज्वारीच्या दाण्याहून लहान असतं, आणि तिरकं दाबलं की मोडतं. बरोबर वर धरून सरळ खाली दाबायचं. टिक असा बारीक आवाज आला की बसलं. ही बटणं पुन्हा पुन्हा काढण्या-घालण्यासाठी बनवलेलीच नसतात, त्यामुळं रोज उघडून बघायचा छंद नको.

दुसरी अँटेना स्क्रीनच्या कडेला लावायची तर स्क्रीनची चौकट उघडावी लागते, आणि ते माझं काम नव्हे. गावातल्या रिपेअरिंगवाल्याकडं गेले. त्यानं आधी मलाच उडवून लावलं. “ताई, हे कशाला उघडायलात? यूएसबीचं डोंगल घ्या की, दोन मिनिटात काम.” डोंगलबद्दल, म्हणजे बाहेरून यूएसबीत खोचायच्या वायफायबद्दल, त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, त्यावर पुढं येते. पण स्क्रीन उघडल्यावर त्यानं काम मात्र झकास केलं. अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला, पहिलीपासून शक्य तेवढी लांब, आणि धातूच्या पत्र्यापासून दूर लावली. काही जण ती हाताखालच्या भागात, कीबोर्डच्या शेजारी चिकटवून मोकळे होतात. तिथं खाली मांडी, वर हात, बाजूला बॅटरी. अँटेना काय ऐकणार?

आता फरक किती पडला ते. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा दिली की सिग्नल टक्क्यांत दिसतो. त्याचं गणित सोपं: १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं), शून्य टक्के म्हणजे उणे १००. माजघरात जुनं कार्ड ३६ टक्के दाखवायचं, म्हणजे उणे ८२. नवीन ४८ टक्क्यांच्या आसपास दाखवतं, म्हणजे उणे ७६. पण या आकड्यांवर फार भाळू नका. प्रत्येक कार्ड आपल्या मापानं मोजतं, दोन कंपन्यांच्या कार्डांचे टक्के शेजारी ठेवून तुलना होत नाही. खरी परीक्षा पिंगची, म्हणजे राउटरला सारखी हाक मारून उत्तर येतं का ते बघायची. राउटरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवायचं आणि किती पाकिटं गळतात ते बघायचं. जुन्या कार्डावर माजघरात गळती इतकी होती की दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर गेलं तरी स्क्रीन गोठायची. आता पिंग क्वचित अडखळतं. वेग तीन-चार एमबीपीएसवरून १८-२० वर आला. टॅली आणि पोर्टलला एवढं भरपूर झालं. ओसरीत तर ५ गिगाहर्ट्झवर प्लॅनचे जवळपास सगळे १०० मिळतात, पण तिथं मी बसतेच कुठं.

मागच्या खोलीत मात्र काही झालं नाही. सिग्नलची एक काडी दिसते, पान उघडत नाही. यात कार्डाचा दोष नाही. लॅपटॉपचं कोणतंही आतलं कार्ड साधारण १०० मिलिवॅटच्या आसपास किंवा त्याहून कमीच शक्तीनं बोलतं, मग त्यावर ‘हाय पॉवर’ लिहिलेलं असो नसो. राउटरचा आवाज लॅपटॉपपर्यंत येतो, लॅपटॉपचं उत्तर राउटरपर्यंत पोचत नाही. सिग्नल दिसतो पण नेट चालत नाही, हा प्रकार बऱ्याचदा असाच घडतो. दोन भिंतींसाठी शेवटी लॅन वायरच टाकली, माळवदाच्या कडेनं, आणि मागं एक जुना राउटर लावला.

दोन-तीन सेटिंग्ज मात्र कार्डाइतक्याच कामाच्या निघाल्या. राउटरवर २.४ आणि ५ ची नावं वेगळी केली. नाहीतर लॅपटॉप ओसरीतून माजघरात जाताना ५ ला चिकटून बसायचा आणि तो सिग्नल मरेपर्यंत सोडायचा नाही. मोकळ्या हवेतसुद्धा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्याच अंतरावर २.४ पेक्षा सहा-सात डेसिबल कमी पडतो, भिंतीत तर आणखी. २.४ चं चॅनेल २० मेगाहर्ट्झचंच ठेवलं. चॅनेल रुंद केलं की लांबच्या खोलीत तोटाच होतो, कारण रुंदी दुप्पट झाली की गोंगाटही दुप्पट आत येतो. आणि माजघराच्या दारालगत ज्वारीची पत्र्याची मोठी कोठी होती, नेमकी राउटरच्या रेषेत. ती दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली, आणि पिंगची उरलीसुरली गळती त्या दिवशी आणखी कमी झाली. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, अजून वाटतं की मी झाडलोट करायला ती हलवली.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधी उतरवून ठेवा. नवीन कार्ड घातल्यावर विंडोज ते ओळखेलच असं नाही, आणि नेटच नसेल तर ड्रायव्हर आणणार कुठून? मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेता येतं, तो उपाय लक्षात असू द्या. लिनक्स वापरणाऱ्यांनी कर्नल ५.१० किंवा पुढचा असल्याची खात्री करावी. माझ्याकडं सुरुवातीला एक कटकट होती: लॅपटॉप झोपेतून उठला की कधीकधी कार्ड गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची परवानगी काढून टाकली, फास्ट स्टार्टअप बंद केलं, तेव्हापासून पुन्हा झालं नाही.

पावसाळ्यानं थोडं नाक खाली केलं. ऑगस्टमध्ये झड लागली, माळवद आणि भिंती पाणी प्यायल्या, आणि माजघरातला सिग्नल चार-पाच टक्क्यांनी उतरला. ओली माती कोरड्यापेक्षा जास्त सिग्नल शोषते. काम अडलं नाही, पण जुन्या कार्डावर त्या दिवसांत मी काय केलं असतं कोण जाणे. ब्लूटूथचं एक सांगायचं राहिलं: कार्ड तेच, अँटेना त्याच, आणि ब्लूटूथही २.४ वरच. सिग्नल कमी असलेल्या जागी हेडफोन लावून मीटिंग केली की आवाज तुटतो. मी माजघरात वायरचा इअरफोन वापरते.

डोंगलचं काय? एकाच जागी टेबलावर बसून काम करणाऱ्यानं मेकॅनिकचं ऐकावं. लांब यूएसबी वायर लावून डोंगल दाराच्या चौकटीला अडकवता येतं, म्हणजे अँटेनाच भिंतीच्या अलीकडं आणता येते. आतल्या कार्डाला ते कधीच जमणार नाही. मी लॅपटॉप उचलून ओसरी ते माजघर, माजघर ते स्वयंपाकघर फिरते, लोंबतं डोंगल दोन दिवसांत मोडलं असतं.

हे सगळं ऐकून पोळ्याला आलेला भाऊ आपला लॅपटॉप घेऊन बसला, ‘माझंपण कार्ड बदल’ म्हणून. त्याचा दोन वर्षांपूर्वीचा पातळ लॅपटॉप. उघडून बघितला तर कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं, काढायचा प्रश्नच नाही, आणि दोन्ही अँटेना आधीपासून जोडलेल्या. झाकण परत लावून दिलं आणि त्याला घरी गेल्यावर राउटर लोखंडी कपाटावरून खाली काढायला सांगितलं.