अँबेसेडरला पाच गिअरचा बॉक्स बसवायला दिला, घरचा बॉक्सही गेला

जुनी अँबेसेडर, फियाट, जीप सांभाळणाऱ्यांनी हे वाचाच. माझे एक लाख पंधरा हजार गेले, पण त्याहून जास्त जिवाला लागलं ते म्हणजे गाडीचा ओरिजिनल गिअरबॉक्स गेला आणि आता तो पैसे देऊनही मिळंना झालाय.

गाडी आमच्या आबांची, मार्क टू, बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर १९७३ ला घेतलेली. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार गिअर, दांडी स्टेअरिंगला. परभणीत आता अण्णा चालवतात, वय ७६. त्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडू देणारी कडी) नसतो, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, बाजारात सारखी करकर आणि अण्णांचा खांदा दुखायचा, म्हणून मी ठरवलं की इसुझू या जपानी कंपनीचा पाच गिअरवाला बॉक्स बसवून देऊ. नव्वदच्या दशकात अँबेसेडर १८०० आयएसझेडला हा कंपनीतूनच यायचा, म्हणून नीट केलं तर हे काम होतं, झालेल्या गाड्या मी स्वतः चालवून बघितल्यात.

संभाजीनगरच्या एका गॅरेजवाल्याला काम दिलं, नाव लिहीत नाही. बोलणं लई गोड. "दादा, बॉक्स एकदम फ्रेश आहे, एका डॉक्टरसाहेबाच्या गाडीचा. अण्णांना सांगा, आता बोटानं गिअर पडतील." व्हॉट्सअपवर स्वच्छ बॉक्सचा फोटो आला, मी ७० हजार पाठवले, त्याची कच्ची पावती मिळाली आणि तिच्यावर फक्त 'गिअरबॉक्स काम'. बॉक्सचा नंबर नाही, कुठल्या गाडीचा ते नाही. मग दीड महिना आज देतो उद्या देतो.

उरलेले ४५ देऊन गाडी घेतली आणि निघालो. केंब्रिज चौकाच्या पुढं साठच्या वर गेली की सीटखाली थरथर, जालन्यापर्यंत पाचवा दोनदा सटकला, वाटूर फाट्याच्या अलीकडं क्लच दाबला की किर्रर्र आणि सोडला की बंद, आणि थोड्या वेळानं कुठलाच गिअर पडंना. अण्णा शेजारी बसलेले, एक शब्द बोलले नाहीत. टोचन लावून रात्री अकराला घरी आलो.

इंजिनासकट बॉक्स खाली उतरवून वाळूजला ओळखीच्या टर्नरकडं नेला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं बेल हाउसिंगचा, म्हणजे बॉक्स इंजिनला जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाचा, बोल्टचा कान जरा खरडला, चंदेरी रंगाची पापडी निघाली, खाली एमसील आणि त्याच्या खाली वेल्डिंगचा ओबडधोबड टाका. कान तुटलेला होता. फोटोतला बॉक्स हा नव्हताच, कास्टिंगवरचे आकडेच वेगळे. इसुझूच्या हाउसिंगचे होल आपल्या जुन्या इंजिनला जुळत नाहीत, मधी ॲडॅप्टर प्लेट लागते, ती यानं गॅस कटरनं कापलेली, सेंटर धरून ठेवणारी डॉवेल पिन एकही नाही, नुसत्या बोल्टवर टांगलेलं. इंजिनच्या क्रँकच्या टोकाला बॉक्सचा शाफ्ट धरणारं पायलट बेअरिंग बसवलंच नव्हतं, म्हणून शाफ्टचं टोक तिथं हेलकावे खात होतं. टर्नरनं डायल गेज लावून दाखवलं, सेंटर साधारण पाच थाऊच्या (इंचाच्या पाच हजारांशाच्या) आत, म्हणजे ०.१३ मिलीमीटरच्या आत पाहिजे, इथं काटा पूर्ण एक मिलीमीटर फिरला. मागच्या चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट कापून जोडलेला, पण बॅलन्सिंग केलंच नव्हतं.

फोन केला तर म्हणतो, "गाडी तुम्ही जोरात पळवली असल." बरं, आमचा जुना बॉक्स तरी दे म्हणलं, तर "ते भंगारात गेलं की दादा." चांगला चालता बॉक्स भंगारात कोण टाकतो? विकला त्यानं. गाडी गॅरेजला टाकली त्याच दिवशी तो उतरवून डिकीत घालून घरी आणला असता तर आज गाडी उभी राहिली नसती. तुम्ही कुणाकडंही काम द्या, जुना बॉक्स आधी घरी आणा, नवा समोर उघडून गिअरचे दात बघा, आणि त्याचा नंबर पावतीवर लिहून घेतल्याशिवाय रुपया देऊ नका.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा कळली. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणं ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा, म्हणजे व्हिंटेज गाडीचा, नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा लागतो. अँबेसेडरला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळं. आणि यानं नव्या दांडीसाठी फ्लोअरचा मधला बोगदा (बॉक्सवरचा उंचवटा) वीतभर कापून ठेवलाय, न विचारता.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगातही केस टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही. फोटो, चॅट, टर्नरचं लेखी सगळं जोडलंय.

गाडी ताडपत्रीखाली आहे. अण्णा रोज सकाळी आत बसून येतात. जालना, परभणी, नांदेडकडं कुणाला अँबेसेडरचा स्टेअरिंग गिअरवाला बॉक्स विकायला आलेला दिसला तर त्याची डावी बाजू पुसून बघा, आबांच्या मिस्त्रीनं तिथं छिन्नीनं 'आ' कोरलेला आहे. दिसला तर तेवढं कळवा, माणूस कोण ते मी विचारणार नाही, किंमत देऊन घेऊन जाईन.