शाळेच्या अंकात काय छापायचं, हे कोण ठरवणार? दोन पद्धतींची तुलना

जूनमध्ये कामांची वाटणी होते आणि 'नियतकालिक' हे खातं बहुधा मराठीच्या बाईंच्या, नाहीतर नव्याने रुजू झालेल्या सरांच्या गळ्यात पडतं. पानं किती, जाहिराती कोण आणणार, छापखाना कोणता, हे पहिल्याच बैठकीत ठरतं. एखाद्या मुलाचं लिखाण अडलं तर शेवटचा शब्द कोणाचा, हा विषय तिथे निघत नाही. तो निघतो थेट फेब्रुवारीत, प्रूफं हातात आल्यावर, आणि तेव्हा घाईघाईत पान काढून टाकण्यापलीकडे काही सुचत नाही. ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय किंवा पडणार आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

ढोबळमानाने पद्धती दोन. पहिलीत मुलं लिहितात, शिक्षक निवडतात, मुख्याध्यापक मंजूर करतात, आणि नकाराचं कारण सांगायला कोणी बांधलेलं नसतं. दुसरीत विद्यार्थ्यांचं संपादक मंडळ निर्णय घेतं, शिक्षक सल्ला देतात, आणि काय छापता येणार नाही त्याची यादी आधीच लेखी असते.

मंजुरीची पद्धत

आपल्याकडे जवळपास सगळीकडे हीच चालते, आणि तिचे फायदे खरे आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांना कोणत्या वाक्याने कोण दुखावेल याचा अंदाज नसतो. अंक शाळेच्या पैशातून निघतो, त्यावर संस्थेचं नाव असतं, आणि पालक भांडायला येतात ते मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये. मग अधिकारही त्यांच्याकडेच हवा, हे म्हणणं चुकीचं नाही.

या पद्धतीची कसोटी लागली ती अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलमध्ये. तिथे 'स्पेक्ट्रम' नावाचं वर्तमानपत्र पत्रकारितेच्या तासाला मुलं काढायची. १० मे १९८३ रोजी प्रूफं मुख्याध्यापकांकडे गेली. अंक निघणार होता १३ तारखेला. दोन लेखांवर त्यांनी बोट ठेवलं. एकात शाळेतल्या तीन गरोदर मुलींचे अनुभव होते, नावं बदलून. तरी मुली ओळखू येतील अशी त्यांना भीती वाटली. दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाबद्दल बोलताना एका मुलीने वडिलांवर ठपका ठेवला होता, लेखात त्या मुलीचं नाव होतं, आणि वडिलांची बाजू कोणी विचारलीच नव्हती.

दोन्ही आक्षेप रास्त आहेत. कोणताही बरा संपादक हेच म्हणाला असता. पुढे जे झालं ते मात्र संपादन नव्हतं. सुधारायला वेळ नाही असं गृहीत धरून मुख्याध्यापकांनी दोन अख्खी पानं उडवली आणि त्यांच्याबरोबर, ज्यांच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती असे चार लेखही गेले. त्या मुलीचं नाव शिक्षकांनी आधीच काढलं होतं, हे मुख्याध्यापकांना ठाऊकच नव्हतं. जुने शिक्षक एप्रिलअखेर नोकरी सोडून गेलेले, नवे जेमतेम रुळत होते. मुलं कोर्टात गेली. १३ जानेवारी १९८८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या नावाने निघणाऱ्या अंकात, शैक्षणिक हेतूशी रास्त संबंध असेल तर, शाळा हस्तक्षेप करू शकते. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी विरोधी निकालपत्रात विचारलं की नेमकी वाक्यं गाळणं, पानांची मांडणी बदलणं, अंक थोडा पुढे ढकलणं, हे पर्याय का पाहिले नाहीत? मला त्यांचं म्हणणं जास्त पटतं.

आपल्याकडे इतका तमाशा होत नाही, कारण पान त्याआधीच वळवलं जातं. समजा, आठवीतल्या दोघींनी मुलींच्या स्वच्छतागृहावर लिहिलं: पाचपैकी तीन दारांना कडी नाही, मधल्या सुट्टीनंतर नळ कोरडे, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मंजुरीच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत त्याचा 'स्वच्छतेचे महत्त्व' हा निबंध होतो आणि शेवटी सगळ्यांनी शपथ घेतलेली असते. गंमत म्हणजे याच चाळणीतून इंटरनेटवरून जशीच्या तशी उतरवलेली कविता 'इयत्ता सातवी ब' म्हणून आरामात पार होते. चाळणी टीका अडवण्यासाठी लावलेली असते. चोरी तिच्या भोकांतून जाते.

संपादक मंडळाची पद्धत

मिसुरीच्या शेजारीच कॅन्सस राज्य. हेझलवूडच्या निकालानंतर काही राज्यांनी आपापले कायदे करून मुलांना जास्त संरक्षण दिलं. कॅन्ससने ते १९९२ मध्ये केलं. (कॅलिफोर्नियाचा कायदा तर १९७७ पासून होता.) विषय वादग्रस्त आहे एवढ्या कारणावरून लिखाण दाबता येत नाही, बदनामी, अश्लीलता, कायदा मोडायची चिथावणी यांना संरक्षण नाही. मजकुराची जबाबदारी विद्यार्थी संपादकांची.

याचा कस लागला २०१७ साली, कॅन्ससमधल्याच पिट्सबर्ग या छोट्या गावातल्या हायस्कूलमध्ये. नव्या मुख्याध्यापिकेची नेमणूक जाहीर झाली होती. 'बूस्टर रेडक्स' या शाळेच्या वर्तमानपत्रातल्या मुलांना तिचा नुसता परिचय छापायचा होता. पण तिने पदव्या घेतल्याचं सांगितलेल्या 'कॉरलिन्स युनिव्हर्सिटी'चा शोध घेताना काही जुळेना. मान्यतेचा पत्ता नाही. मुलांनी फोनवरून तिची मुलाखत घेतली, उत्तरं पडताळली, तिची बाजू मांडली आणि ३१ मार्चला लेख छापला. चार दिवसांत तिने राजीनामा दिला.

मला यातला राजीनाम्याहून महत्त्वाचा वाटतो तो एक तपशील. अंकाच्या मार्गदर्शक शिक्षिका त्याच मुख्याध्यापिकेच्या निवड समितीवर होत्या. म्हणून त्या या लेखापुरत्या बाजूला झाल्या आणि राज्याच्या शालेय पत्रकार संघटनेच्या संचालकांनी मुलांना मदत केली. आपल्याकडे संस्थाचालकांचा नातेवाईक अंकाच्या समितीत असतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

ही पद्धत वेळखाऊ आहे. स्वच्छतागृहाचाच लेख घ्या. शिक्षकांना विचारावं लागेल: कड्या कोणी मोजल्या, कोणत्या दिवशी? शिपाईमामांना विचारलंत? मुख्याध्यापकांचं उत्तर कुठाय? कोणत्याही मुलीचं नाव नको. दोनदा लिहून घ्यावं लागेल. दहावीचे जादा तास आणि वर्गणीच्या पावत्या सांभाळून हे करायचं म्हणजे शिक्षकांच्या जिवावर येणार, हे उघड आहे. पण छापून आलेल्या लेखाखाली 'दिवाळीच्या सुट्टीत कड्या बसवतो' असं मुख्याध्यापकांचं उत्तर असेल, तर त्या दोघी जे शिकतील ते निबंधातून शिकता येत नाही.

कॅन्सस इथे जसंच्या तसं का उचलता येत नाही

कॅन्ससच्या कायद्याने आणखी एक केलंय: मुलांच्या लिखाणासाठी शाळेला आणि कर्मचाऱ्यांना जबाबदार धरायचं नाही, असं म्हटलंय. आपल्याकडे असं कवच नाही आणि शाळा समितीने ठराव करून ते मिळणारही नाही. मुख्याध्यापक घाबरतात ते उगाच नाही.

दोन कायदे तर प्रत्येक अंकप्रमुखाने माहीत करून घ्यावेत. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४: गुन्ह्यात सापडलेलं, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं, अत्याचारग्रस्त किंवा साक्षीदार असलेलं मूल ओळखू येईल असं काहीही छापता येत नाही, नाव, फोटो, पत्ता, शाळासुद्धा. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसरा पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, कलम २३: त्यातल्या पीडित मुलाची ओळख छापता येत नाही. तिथे प्रकाशकही जबाबदार धरला जातो. शाळेच्या अंकात तर फक्त 'नववीतली एक मैत्रीण' एवढं लिहिलं तरी अख्ख्या गावाला ती कोण ते कळतं. बदनामीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं ३५६, वेगळंच: तिथे मजकूर खरा असणं पुरत नाही, तो छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. स्वच्छतागृहाच्या कड्या त्यात सहज बसतात. एखाद्या सरांच्या घरगुती भानगडी बसत नाहीत.

दुसऱ्या बाजूला, 'मुलांना कसला आलाय अधिकार' असं म्हणणाऱ्यांना १९८६ चा बिजो इमॅन्युएल खटला दाखवावा. केरळातली तीन भावंडं धार्मिक कारणाने राष्ट्रगीत म्हणत नव्हती, फक्त आदराने उभी राहायची. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि सांगितलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधलं अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य कायद्याचा आधार नसलेल्या खात्याच्या परिपत्रकाने आखडता येत नाही. हा खटला अंकाचा नव्हता. पण 'वरून आलंय' हे कारण पुरेसं नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

मग काय निवडावं?

सातवीपर्यंत मंजुरीची पद्धत ठेवा. तिथे दुसरीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. आठवीपासून वर मी संपादक मंडळ निवडेन, एका बदलासह: शिक्षक सगळं वाचतील आणि अडवूही शकतील, पण फक्त यादीतल्या कारणावरून, आणि ते कारण एका ओळीत लेखी देऊन. यादी लहान हवी. अल्पवयीन मुलाची ओळख उघड होणे, पडताळणी न केलेला आरोप, समोरच्याची बाजू न विचारणे, जातीधर्मावरून किंवा दिसण्यावरून हिणवणे, दुसऱ्याचं लिखाण ढापणे. 'शाळेची बदनामी' हे कारण यादीत घेऊ नका. ते एकदा आत आलं की बाकी कारणांची गरजच उरत नाही.

आणि तारखा आधी ठरवा. आक्षेप असतील ते डीटीपीला जाण्याआधी तीन आठवडे. त्यानंतर नवा आक्षेप नाही. हेझलवूडमध्ये प्रूफं तीन दिवसांऐवजी तीन आठवडे आधी गेली असती, तर घटस्फोटाच्या लेखात वडिलांचं म्हणणं घालता आलं असतं.

माध्यमाचाही विचार करा. भित्तिपत्रकाची प्रत एकच असते आणि आवारातच राहते. चूक झाली तर दुपारी उतरवता येते. छापील अंक परत घेता येत नाही. पीडीएफ तर पालकांच्या व्हॉट्सअॅप गटातून कुठे जाईल सांगता येत नाही, त्यामुळे फोटोंसाठी पालकांची लेखी संमती घ्या, इतर दोन्हींत चालढकल केलीत तरी.

मुख्याध्यापक यादीवर सही करायला तयार नसतील, तर वार्षिक अंक जुन्याच पद्धतीने निघू द्या आणि भित्तिपत्रक तेवढं मंडळाकडे मागून घ्या. नकार द्यायला तिथे त्यांच्याकडेही फारसं कारण नसतं.