आईचा ब्रेन स्पेक्ट स्कॅन केला, पुण्यातल्या सेंटरचा अनुभव

आई ७१ वर्षांची. वर्षभर विसरायला होत होतं पण नुसतं विसरणं नव्हतं ते. संध्याकाळी गॅलरीत दोन लहान मुलं बसलीयेत, त्यांना काहीतरी खायला दे असं म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी एकदम ठणठणीत, भाजीवाल्याचा हिशोबसुद्धा तोंडी करायची. एमआरआयमध्ये वयाप्रमाणे मेंदू थोडा आकसलाय एवढंच आलं. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले अल्झायमर आहे का लेवी बॉडी डिमेन्शिया (स्मृतिभ्रंशाचाच दुसरा प्रकार, ज्यात भासही होतात) हे सुरुवातीला तेवढ्यावर ठरत नाही, स्पेक्ट स्कॅन करून मेंदूत रक्त कुठे कमी पोचतंय ते बघू.

सेंटरचं नाव देत नाही, कारण पहिला दिवस फुकट गेला. सदाशिव पेठेतून रिक्षाने वेळेत पोचलो, आत गेल्यावर टेक्निशियनने विचारलं, "काकू, सकाळी चहा घेतलात का?" घेतला होता, नेहमीसारखा दोन कप. चहा-कॉफीने मेंदूतला रक्तप्रवाह बदलतो म्हणून स्कॅन पुढे ढकलला. बरोबरच केलं त्यांनी, पण फोनवर अपॉइंटमेंट देताना "जुने रिपोर्ट आणा" एवढंच सांगितलेलं, चहाचं कोणी बोललं नाही. घरात असा पेशंट असेल तर कळेल, परत जाताना रिक्षात आई सारखी विचारत होती, मी काही चुकले का गं.

दोन दिवसांनी परत गेलो, या वेळी मात्र काम अगदी मन लावून केलं. आधी हाताला सुई लावून ठेवली आणि मंद उजेडाच्या खोलीत तिला एकटीला शांत पडून राहायला सांगितलं, डोळे उघडे, बोलायचं नाही. मग त्याच सुईतून टेक्नेशियमचं, म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल असं किंचित किरणोत्सर्गी औषध हळूच सोडलं, म्हणजे टोचल्याने दचकायला नको. हे औषध मिनिटा-दोन मिनिटांत मेंदूत जाऊन बसतं आणि तिथेच राहतं, त्यामुळे फोटो नंतर काढले तरी त्या शांत क्षणी रक्त कुठे किती होतं तेच दिसतं. म्हणून ती खोली इतकी महत्त्वाची. नंतर कॅमेरा डोक्याभोवती अर्धा तास फिरत होता, आई घाबरली तेव्हा तिथल्या टेक्निशियन मुलीने तिचे पाय शालीने नीट झाकले आणि शेवटपर्यंत बाजूला उभी राहिली. हे मी विसरणार नाही.

रिपोर्टमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, जिथे बघण्याचं काम चालतं, तिथे रक्त कमी आलं. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवून समजावलं की अल्झायमरमध्ये जास्त करून कानाच्या वरचा आणि त्यामागचा भाग फिका पडतो, फ्रंटोटेम्पोरल नावाच्या तिसऱ्या प्रकारच्या डिमेन्शियात कपाळाकडचा, आणि असं मागचं चित्र लेवी बॉडीकडे झुकतं. एकट्या स्कॅनवर निदान करत नाहीत, भास होणं, मधेच चांगलं मधेच वाईट, चालणं मंदावणं हे सगळं जोडून बघतात. पण यातून आमच्यासाठी मोठी गोष्ट ही कळली की भासांसाठी सर्रास देतात ते हॅलोपेरिडॉल अशा पेशंटला फार त्रास देऊ शकतं, अंग कडक होऊन जिवावर बेतू शकतं. आता तिच्या फाइलच्या पहिल्याच पानावर ते लाल पेनाने लिहून ठेवलंय, भावालाही फोटो पाठवलाय.

स्कॅन आणि स्टाफला पाचपैकी पाच, फोनवरच्या माहितीला एक. अपॉइंटमेंट घेताना चहा, कॉफी आणि रोजच्या गोळ्यांचं स्वतःहून विचारा, आणि शाल न्या, एसी फार असतो.