अमूर्त निसर्गचित्रांसाठी घेतलेला पॅलेट नाइफचा संच

अमूर्त शैलीत निसर्गचित्र रंगवू पाहणाऱ्याची खरी अडचण रंगांची नसून हाताच्या सवयीची असते. बारीक ब्रश हातात आला की झाडांना पाने आणि घरांना खिडक्या फुटू लागतात, आणि जे चित्र उजेड, उतार व क्षितिज यांवर उभे राहायला हवे होते ते तपशिलांत अडकून पडते. वाराणसीच्या घाटांना रंगांच्या मोठ्या पट्ट्यांत बसवणारे चित्रकार राम कुमार असोत किंवा रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग मिसळण्याच्या व लावण्याच्या बोथट लवचीक पात्याने, रंगाचे थर चढवणारे, खरवडणारे वासुदेव गायतोंडे असोत, त्यांच्या कामात साधनाचा वाटा मोठा आहे. त्याच विचाराने मी पाच पॅलेट नाइफचा एक देशी बनावटीचा संच मागवला आणि तो ॲक्रिलिक रंगांसाठी नियमित वापरला.

संचातील हिऱ्याच्या आकाराचे मध्यम पाते उत्तम आहे. पोलाद पातळ असून टोकाकडे सहज लवते आणि दाब सोडताच सरळ होते, त्यामुळे एकाच ओढीत रंग सुरुवातीला जाड आणि शेवटी इतका विरळ बसतो की खालचा थर दिसत राहतो. पावसात भिजलेला सह्याद्रीचा कातळ रंगवताना मी अल्ट्रामरीन ब्ल्यू आणि बर्न्ट सिएना अर्धवट मिसळून हे पाते आडवे ओढले, तेव्हा निळसर आणि तपकिरी रेघा एकमेकींत पूर्ण न विरघळता शेजारी शेजारी राहिल्या आणि कातळाचे थर वेगळे काढण्याची गरजच उरली नाही. क्षितिजाची रेघ लांब सरळ पात्याच्या धारेने फार नेमकी उमटते. हे दुसरे पातेही मला मनापासून आवडले.

उरलेल्या तीन पात्यांबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. दोन लहान पाती इतकी ताठ आहेत की ती रंग पसरवण्याऐवजी कॅनव्हासवरून ढकलत नेतात, तर सर्वांत रुंद पात्याची मूठ थोड्याच वापरात हलू लागली. मोठा कॅनव्हास करणाऱ्याला रुंद पाते सर्वाधिक लागते, म्हणून हा दोष किरकोळ मानता येणार नाही. शिवाय पात्याची मान, म्हणजे पाते आणि मूठ यांना जोडणारा भाग, पुरेशी वाकवलेली नसल्यामुळे बोटांची पेरे ओल्या रंगाला लागतात.

नाइफच्या कामाला दाट ॲक्रिलिकच घ्यावे. पातळ रंगाला पात्याच्या कडेची उभार धार टिकवता येत नाही आणि मग नाइफ वापरण्याचा अर्थच राहत नाही. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होते, त्यामुळे आकाशाचा रंग ओला असताना हवा त्यापेक्षा थोडा फिकटच ठेवावा. उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच वाळू लागतो. तेव्हा वाळण्याचा वेग कमी करणारे रिटार्डर माध्यम अगदी थोडे मिसळल्यास पुरते.

साडेचारशे रुपयांच्या आसपासचा हा संच नवशिक्याने घेण्यास माझी हरकत नाही, कारण दोन चांगल्या पात्यांत बरेच शिकता येते. ज्यांचा हात बसला आहे त्यांनी मात्र हिऱ्याच्या आकाराचे आणि लांब सरळ अशी दोनच पाती सुटी घ्यावीत, घेण्यापूर्वी टोक बोटाने दाबून लवचीकपणा पाहावा, आणि पावसाळ्यात पाती कोरडी पुसून तेलाचा पुसट हात लावून ठेवावीत. या पोलादाला गंज लवकर चढतो.