जुनं रीळ की नवं? आधी दोरी कुठली भरणार ते सांगा

माझ्याकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, सध्या दोन रिळं आहेत. एक मिशेल ३००, काकांनी वर्षानुवर्षं वापरून मग माझ्या हातात दिलेलं, आणि दुसरं आत्ताचं, २५०० साइजचं स्पिनिंग रीळ, ज्याचं नाव मी घेणार नाही कारण त्याच्याबद्दलची एक तक्रार पुढे सांगायचीय. दोन्ही आलटून पालटून भरपूर वापरलीत, कितीदा तर एकाच दिवशी दोन रॉडवर दोन्ही लावून बसलोय, आणि आता माझं मत पक्कं झालंय. जुनं चांगलं की नवं हा प्रश्नच अर्धवट आहे, त्यावर दोरी कुठली असणार ते आधी सांगा, मग रिळाचं बोलू.

रीळ म्हटलं की आपल्याला आधी शिवणाचा दोरा आठवतो, आणि या रिळांचं मूळ खरंच तिथलं आहे. १९०५ साली इंग्लंडमध्ये अल्फ्रेड इलिंगवर्थने ज्या रिळाचं पेटंट घेतलं त्यात कास्ट करताना, म्हणजे गळ फेकताना, दोरी गुंडाळलेला स्पूल फिरतच नव्हता, गिरणीतल्या बॉबिनच्या टोकावरून सूत सुटतं तशी दोरी सुटायची. इलिंगवर्थ कापडधंद्यातलाच माणूस. आजचं कुठलंही स्पिनिंग रीळ घ्या, तत्त्व तेच. बदलली ती दोरी. मिशेल आलं तेव्हा नायलॉन, म्हणजे आपला तंगूस, नवाच होता आणि पुढची कित्येक वर्षं रिळं तंगूस डोळ्यासमोर ठेवूनच बनत गेली, मग १९९० च्या दशकात ब्रेडेड लाइन, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी, पसरली आणि रिळाकडून काय काय हवं याचं सगळं गणितच फिरलं.

आता मिशेल. फ्रान्समधल्या क्लूझ गावातल्या कार्पानो ए पॉन्स कंपनीचं हे रीळ, आणि तो सगळा भाग घड्याळाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध, ते आत बघितलं की कळतं. बॉडी अंड्यासारखी, काळी, हातात घेतली की थंड आणि भरीव लागते. वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. हँडल फिरवलं की टिकटिकटिक असा बारीक आवाज, तो खटका चाकाच्या दातांवरून जातानाचा, आणि सकाळी पाण्यावर सगळं शांत असताना तो आवाज मला इतका आवडतो की नवं रीळ वापरताना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. आत प्लॅनामॅटिक नावाची गिअरची रचना आहे, त्यामुळे स्पूल पुढेमागे होताना दोरी एकावर एक न बसता तिरकी सरकत बसते आणि आधीच्या वेढ्यात रुतत नाही. त्या काळात हा विचार कुणीतरी करून ठेवलाय हे बघून मला खरंच भारी वाटतं.

काकांनी दिलं तेव्हा हँडल जड फिरत होतं. बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढले, झाकण उचललं तर आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं, तपकिरी, गिअरच्या दातांत पाचर मारल्यासारखं बसलेलं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसलो, एकेक भाग काढला तसा कागदावर ओळीने मांडत गेलो, पुसला, नवीन ग्रीस लावलं, परत बसवला. एका दुपारचं काम. आणि दातांना झीज अशी दिसलीच नाही. झाकण लावून हँडलला बोटाने टिचकी मारली तर ते स्वतःहून दीडेक फेरा फिरलं. काकांना फोन करून नुसता आवाज ऐकवला.

पण म्हणून तेच घ्या असं मी म्हणणार नाही. गिअर रेशो पावणेचारच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्याला साधारण अर्धा मीटर दोरी आत येते, आजकालच्या रिळात तेच पाऊण मीटर ते नव्वद सेंटिमीटर. तळाला आमिष टाकून वाट बघत बसायचं असेल तर काही फरक पडत नाही, पण लूर, म्हणजे खोटं आमिष, भराभर ओढायचा असेल तर मनगट भरून येतं. हँडलही एकाच बाजूला, डाव्या हाताने फिरवायचं, उजव्या हाताने फिरवणाऱ्यांसाठी ३०१ असं वेगळं मॉडेल होतं. आताच्या रिळात हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावलं की झालं. ज्यांच्या घरात एकच रीळ दोघं वापरतात त्यांना विचारा ही केवढी सोय आहे.

खरी भानगड ब्रेडेड लावल्यावर सुरू होते. तंगूस तुटायच्या आधी वीस-पंचवीस टक्के ताणला जातो, म्हणजे माशाने झटका दिला तर अर्धा झटका दोरीच खाते, आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरी आवरत सोडणारा रिळातला ब्रेक, सुटायला जरा अडखळला तरी निभावून जातं. जुन्या रिळांचा ड्रॅग तसा अडखळतोच, बसून राहिलेले वॉशर आधी चिकटल्यासारखे धरतात आणि मग एकदम सोडतात. ब्रेडेड ताणलीच जात नाही म्हटलं तरी चालेल, तिथे तो अडखळलेला क्षण थेट गाठीवर येतो. वरून ती तेवढ्याच ताकदीच्या तंगुसाच्या साधारण निम्म्या जाडीची, म्हणजे ताण आला की स्पूलवर खालच्या वेढ्यांत घुसणार. आणि बऱ्याच जुन्या रिळांत बेलवर, म्हणजे दोरी स्पूलकडे वळवणाऱ्या तारेच्या कमानीवर, दोरी जिथून वळते तिथे फिरणारा रोलरच नसतो, नुसता धातू, त्यावर तंगूस वर्षानुवर्षं घासला तरी चालतं पण ब्रेडेड हळूहळू खाच पाडते आणि मग ती खाच दोरीलाच कापायला लागते. मी मिशेलवर ब्रेडेड एकदाच भरली आणि त्याच आठवड्यात काढली. रिळाचा त्यात काही दोष नाही, ते त्या दोरीसाठी बनलेलंच नाही.

नव्या रिळात नेमक्या याच गोष्टी सुधारल्यात. रोलर बेअरिंगवर फिरतो. ड्रॅग इतका अलगद सुटतो की पहिल्यांदा मोठा मासा पळाला तेव्हा मला वाटलं दोरी तुटली, कारण हाताला झटकाच जाणवला नाही, नुसता सर्रर्र आवाज आणि स्पूल फिरतोय. वजन कमी, दिवसभर कास्ट करून खांदा दुखत नाही. आणि दोरीतून येणारी बारीक टकटक, मासा आमिषाला नुसतं तोंड लावून बघतोय ती, ब्रेडेड आणि हलकं रीळ असेल तर हातापर्यंत येते, मिशेलवर तंगुसाने ती कधीच इतकी स्पष्ट कळली नाही.

आता तक्रार. माझ्या नव्या रिळाने एका संध्याकाळी, अंधार पडायच्या बेताला, मासा घेतोय म्हणून रॉड उचलला तर हँडल बोटांतून सुटून उलटं गरगर फिरलं. गळ लागलाच नाही, मासा गेला. मग दहातून दोनतीन वेळा तसंच. झालंय काय की आताच्या रिळात हँडल उलटं फिरू नये म्हणून खटका नसतो, वन-वे क्लच असतो, त्यात बारीक रोलर असतात आणि उलटा जोर आला की ते पाचरीसारखे अडकतात. फायदा असा की हँडल केसभरही मागे जात नाही, मिशेलचं खटका पडेपर्यंत थोडं मागे जातं. तोटा असा की त्या रोलरांवर घट्ट ग्रीस पोचलं की ते अडकायच्या ऐवजी घसरतात. माझ्यात ग्रीस आलं कुठून तर शेजारच्या गिअरवर कंपनीतूनच सढळ हाताने लावलेलं, ते पाझरून आलं. क्लच काढून धुतला, पूर्ण वाळवला, अगदी पातळ तेलाचा एक थेंब दिला, त्यानंतर आजतागायत त्रास नाही. पण तिथपर्यंत पोचायला किती वॉशर, किती शिम (पातळ चकत्या) काढावे लागले! एक कागदापेक्षा पातळ शिम बोटाला चिकटून आला तो वेळेवर दिसला म्हणून बरं. आणि काही महागड्या रिळांत तर घरी हातच घालू नये अशी स्थिती आहे, दाइवाच्या मॅगसील्ड रिळांत पाणी अडवायला चुंबकाने धरून ठेवलेलं तेल असतं, ते उघडलं की तेल गेलं. ज्याला स्वतः उघडून साफ करायची हौस आहे त्याने घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

बेटकास्टिंगवाल्यांसाठी, म्हणजे फेकताना स्पूलच फिरतो अशी रिळं वापरणाऱ्यांसाठी, थोडक्यात, स्वीडनच्या आबूचं अँबॅसेडर ५००० हे १९५२ चं मॉडेल, आणि ती कंपनीसुद्धा सुरुवातीला घड्याळं आणि टॅक्सीमीटर बनवणारी. मित्राचं वापरलंय. तिथे जुन्यानव्यातलं अंतर मला बरंच कमी वाटलं, जाड तंगूस आणि जड आमिष असेल तर अजिबातच नाही. हलका लूर फेकायचा असेल तर मात्र आजचं लो-प्रोफाइल, म्हणजे बसक्या आकाराचं, रीळ आणि त्याचा मॅग्नेटिक ब्रेक, यात दुसरा विचार करू नका.

जुनं घेणार असाल तर चकाकी बघू नका. आधी झाकणाच्या स्क्रूच्या खाचा बघा, त्या कुरतडल्यासारख्या असतील तर आधीच कुणीतरी घाईत उघडलंय. बेल उघडून हँडल फिरवा, ती खाडकन बंद झाली पाहिजे, रेंगाळली तर स्प्रिंग थकलीय, आणि जुन्या बऱ्याच रिळांत आधी तीच जाते, त्यामुळे त्या मॉडेलची स्प्रिंग मिळते का ते विचारून ठेवा. ड्रॅग पूर्ण सैल करून दोरी हळूच हाताने ओढा, अडखळत आली तर वॉशर बदलायचे धरून चला. हँडल जड फिरत असेल तर त्यावरून नाही म्हणू नका, ते बहुतेक ग्रीसच असतं. दातात खडखड लागली तर मात्र ठेवून द्या.

सध्या माझ्या मिशेलवर ०.२८ मिलिमीटरचा तंगूस आहे आणि तळाच्या माशांसाठी तेच जातं. नव्यावर ब्रेडेड, खाली थोडा तंगूस गुंडाळून, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर ब्रेडेडचा सगळा गठ्ठाच्या गठ्ठा फिरतो आणि माणूस ड्रॅग आवळत बसतो.